त्सुबोईंचा कान

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहिणार. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, आज पूल तपासणीच्या आमच्या जुन्या ऑफिसला माझी आठवण आली. विद्यापीठातल्या नोगिवाबाईंनी नवं मशीन काढलंय. काँक्रीटवर टोला मारायचा. भरीव असेल तर हिरवा दिवा, आतून सुटलेलं असेल तर लाल. पण आधी जाणत्या कानाने त्याला शिकवावं लागतं. बाईंच्या प्रयोगात म्हणे पाच जणांचे कान होते. ऑफिस म्हणालं, पाच कशाला, त्सुबोईसाहेब आहेत की!

५ सप्टेंबर
फॉर्म भरला. ‘श्रवणशक्ती’च्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं. माझ्या कानाची साक्ष दुसरा कोण देणार?

८ सप्टेंबर
मशीनची शिकवणी तोमिसे पुलाखाली. चोविसाव्या वर्षी गमबूट घालून उभा होतो तेव्हा याचं काँक्रीट ओतलं होतं. पोकळ निघाला तर पाडतील. सहाशे टोले मारले. आवाज जरा मऊ येतो, पण मन लावलं की टण्ण! पोकळ जागा चारच, तिथे भेगच दिसत होती.
शिडी धरणारा हाताकेदा एका खांबापाशी म्हणाला, साहेब, हा बद्द वाजला का हो? मी म्हटलं, तू जन्मायच्या आधी हा खांब माझ्याशी बोलत होता. त्याने कमरेत वाकून माफी मागितली. असा विनय हल्ली कुठे!

१४ सप्टेंबर
यंदाही नदीकाठचे रातकिडे गप्प. शेतातली औषधं, दुसरं काय. चौथीत रातकिड्यांची कविता होती, मास्तर ती डोळे मिटून म्हणत. आता कवितेतच उरले बिचारे.
किटली पुन्हा जळाली, तिसरी. माझी बायको फुमिए म्हणते, अहो, ती शिट्टी मारून मारून मेली. हल्लीच्या किटल्यांना गळाच नाही. फुमिएही अलीकडे पुटपुटते. वय.

२२ सप्टेंबर
परीक्षा! शंभर टोल्यांत मशीनचं आणि माझं अठ्ठ्याण्णव वेळा एकमत. बाईंनी मशीनचं नाव ठेवलं ‘त्सुबोईंचा कान’. डोळे भरून आले. मग त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. मी ‘अर्थात!’ म्हणालो. खूश दिसल्या.

३ ऑक्टोबर
चाळीस पूल तपासून झाले, बहुतेक सगळे हिरवे. माझ्यामागे माझा कान राहील. उद्यापासून आठवणी लिहायला घेणार, पहाटे पाचला उठून.

४ ऑक्टोबर
गजर वाजलाच नाही. घड्याळ बदलणे.

९ ऑक्टोबर
तोमिसे पुलाच्या एका खांबाच्या माथ्यावरून भाताच्या पातेल्याएवढा ढलपा पडला. खालच्या बाकावर, जिथे गेटबॉलचा डाव झाल्यावर फुमिएची टोळी चहा पीत बसते. नशीब, पुढच्या डावासाठी सगळ्या नुकत्याच उठल्या होत्या. बाकावर फक्त थर्मास होता. फुमिएने तो चेपलेला थर्मास माझ्यापुढे ठेवला आणि एक शब्द बोलली नाही. तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

११ ऑक्टोबर
चौकशी. पुलावरून जायला बंदी. हाताकेदाने सांगितलं, हा तोच खांब, साहेब. आणि परीक्षेच्या दिवशी बाईंनी म्हणे विचारलं होतं, तुमचे निकाल दुसऱ्या कुणी तपासून पाहिलेत ना?
चाळीसही पूल पुन्हा तपासणार. पाच जणांच्या कानांनी. त्यांत माझे नाहीत.

१६ ऑक्टोबर
फुमिएने डॉक्टरकडे नेलं. कानात यंत्र बसलं. दवाखान्यातून बाहेर पडलो तर हा गलका! रातकिडे. म्हणजे होते तर. फुमिए पुटपुटत नव्हती. चांगली ओरडत होती.
परतताना तोमिसे पुलाखाली थांबलो. हातोडी खिशात होतीच. माझ्या खांबावर टोला मारला. बद्द. शेजारी मारला. बद्द. खडूने गोल काढत गेलो, खडू संपला.
हाताकेदा मशीन घेऊन तिथेच होता. उद्या मशीनचं शिकलेलं सगळं पुसणार आहेत. म्हटलं, एकदा लावून बघ. खडूच्या गोलातच लावलं त्याने.
हिरवा दिवा.
गुणी विद्यार्थी. गुरूच्या शब्दाबाहेर जात नाही.