गुडघ्याला माहीत असलेला जिना

३ मार्च, सोमवार
बर्नहून बाझेलला पोचले. नदीकाठच्या घरात चौथ्या मजल्यावर छान उजेडाची खोली मिळाली आहे. जिना लाकडी, तिसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या टप्प्यातली आठवी पायरी खिळखिळी, करकरणारी. लहानपणी माझा डावा पाय मोडला होता, तेव्हापासून दर सातव्या पावलाला मी क्षणभर थांबते. सातवर थांबायचं, आठवी गाळायची. जिना माझ्या मापानेच बांधलेला वाटला.

प्रयोगशाळेत माझा जोडीदार बेआट. त्याने विचारलं, केटी, बर्नची माणसं सावकाश असतात म्हणे, मग तू निघालीस कधी, गेल्या वर्षी? मी म्हटलं, हो, बाझेलकरांचं बोलणं संपायची वाट पाहत होते.

इथे रुग्णाच्या नाकातून मिरीएवढी कूर्चा काढतात, तिच्या पेशी वाढवतात आणि तयार झालेला तुकडा त्याच्याच गुडघ्यात बसवतात. झिजलेली कूर्चा, सांध्यातली ती गादी, परत येत नाही, असं सांगून आजवर किती जणांच्या हाती काठी दिली गेली. ती काठी काढून घेणं हे माझं काम. याहून स्वच्छ काम मला माहीत नाही.

१९ मार्च
कूर्चेला नुसतं खाऊ घालून भागत नाही. भार सोसल्याशिवाय ती घट्ट होत नाही, लिबलिबीत राहते. म्हणून एक दट्ट्या तिला दिवसरात्र दाबत असतो, आणि तोही तिच्या मालकाच्या चालीने. आधी माणसाला जमिनीतल्या वजनपट्टीवरून चालवायचं, मग तीच पावलं यंत्राला शिकवायची.

तुलनेसाठी निरोगी माणसाचा तुकडा हवा होता. मी माझं नाक पुढे केलं, वजनपट्टीवरूनही चालून दाखवलं. बेआट म्हणाला, बर्नच्या पेशी ईस्टरपर्यंत जाग्या झाल्या तरी पुष्कळ.

माझ्या शेजारच्या उबदार पेटीत फ्राऊ इमहोफ यांचा तुकडा वाढतो आहे. त्या जवळच्या लीस्टाल गावच्या टपालवाल्या, वय छप्पन्न. टेकड्यांवरच्या घरांना पायी पत्रं वाटतात. गुडघा गेला तर नोकरी गेली.

इथला एक नियम मला फार आवडला. तुकडा वाढतो त्या बशीवरचं नाव एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ते पाहायचं, मग दोघांनी सही करायची. विश्वास असा चार डोळ्यांनी राखावा लागतो.

२२ एप्रिल, ईस्टरनंतरचा मंगळवार
शुक्रवारी सुट्टीची पाळी माझी होती. फ्राऊ इमहोफ यांच्या पेटीचा वायूचा सिलिंडर मी बदलला आणि झडप उघडायला विसरले. आज पाहते तर त्यांचा तुकडा पिवळा, मेलेला. शेजारच्या पेटीतला माझा तुकडा पांढराशुभ्र, टणक.

एक फोन करायचा होता. नाकातून पुन्हा मिरीएवढी कूर्चा, सहा आठवडे उशीर, आणि आमच्या प्रमुख डॉक्टर इझेलिन यांची बोलणी. एवढंच. ज्या तोंडाने मी बर्नमध्ये सचोटीवर भाषणं ठोकली, त्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही.

मी बश्यांवरची नावं बदलली. फ्राऊ इमहोफ यांचं नाव मोठ्याने, स्पष्ट वाचलं. बेआटला गायनाच्या तालमीची घाई होती. तू वाचलंस म्हणजे झालं, म्हणाला आणि न बघता सही केली. मेलेल्या बशीकडे पाहून हसला: बर्नच्या पेशी झोपेतच गेल्या की.

मीही हसले. शस्त्रक्रिया उद्या.

९ सप्टेंबर
फ्राऊ इमहोफ तपासणीला आल्या. डावा गुडघा उत्तम. माझ्यासाठी मधाच्या बिस्किटांचा डबा आणला होता. म्हणाल्या, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे. माझी मान वर होईना.

मग त्या वजनपट्टीवरून चालल्या. सातव्या पावलाला थांबल्या. पुन्हा चालल्या, पुन्हा सातव्याला. बेआटने विचारलं, दमलात का? त्या म्हणाल्या, मी थांबले कुठे?

पडद्यावरची रेघ मी ओळखली. मार्चमध्ये हीच यंत्राला शिकवली होती. माझी.

१४ ऑक्टोबर
त्यांच्या उजव्या गुडघ्याची तारीख ठरली: १० नोव्हेंबर. एप्रिलमध्ये त्या बशीतून काढून साठवलेल्या पेशींतून तुकडा करणार. म्हणजे माझ्याच पेशींतून. परक्या पेशी, त्यांच्यासाठी न तपासलेल्या. त्यांचं अंग त्या कधी नाकारेल सांगता येत नाही.

डॉक्टर इझेलिन यांच्या दाराशी तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, पेन.

२७ ऑक्टोबर
फ्राऊ इमहोफ यांचा बेआटला फोन. घरी बसल्या की डावा गुडघा ओढ घेतो. काल त्या गुडघ्याने त्यांना आगगाडीत बसवून बाझेलला आणलं, नदीकाठच्या कुठल्याशा घराच्या फाटकापर्यंत. टपालवालीचा पाय आहे, पत्ता शोधतोय, असं हसून म्हणाल्या.

काल मी खिडकीत होते. त्यांना फाटकाशी पाहून पडदा ओढून घेतला.

२ नोव्हेंबर, रविवार
दुपार. घर चिडीचूप, रविवारी इथे कुणी खिळाही ठोकत नाही. जिन्यावर पावलं. सात. थांबली. आठवी पायरी करकरली नाही – नव्या माणसाला ती कशी ठाऊक –

तिसऱ्या मजल्यावरून परत गेली.

८ नोव्हेंबर
पत्र लिहिलं. फाडलं. बेआटचीही नोकरी जाईल, असं मनाला सांगते. खोटं. मला माझीच –

माझा पाय आता सातव्याला थांबत नाही. कधीपासून, कळलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
दुपार. शस्त्रक्रिया उद्या. फोन समोर. डॉक्टर इझेलिन यांचा नंबर लावला, ठेवला.

पावलं. सात. थांबली. आठवी गाळली. तिसरा मजला ओलांडला –

दाराशी. दार वाजवत नाहीत. आवाज फ्राऊ इमहोफ यांचाच, दारावरचं नाव वाचून: केटी पोरी, तू इथे राहतेस होय? माफ कर गं, मी येत नव्हते, पायच ऐकेना. तुझ्याकडे माझं काही राहिलंय का?

मी उठायचं ठरवलेलं नाही. डावा पाय उठला.

वही हातातच. दोन पावलं. तीन. तोंडात अजून खोटंच तयार आहे – पत्ता चुकलात, असं काहीतरी –

पाच. सहा. दार सातव्यावर. तिथे पाय पुन्हा थांबेल, तेवढ्यात पहिलं खरं वाक्य मला –