सोळा किलो लोखंड

२ सप्टेंबर
सकाळी बाबूसोनं सांगितलं, "काकी, पुढल्या म्हयन्यापासून मी मोपाक जातंय." विमानतळावर सामान चढवायचं काम, पहाटेची पाळी. म्हणजे ह्यांना खाटेवरून उचलून खुर्चीवर, आमच्या कदेलीवर, बसवायला, न्हाणीत न्यायला सकाळी कोणी नाही. शेजारधर्म म्हणून इतके दिवस आला, कपभर चहावर. त्याला काय बोलणार. "बरां झालां," म्हटलं. आत जाऊन मग थोडी रडले.
हे खाटेवरून बघत होते. झटक्यानं उजवं अंग गेलंय, जीभ गेलीय, कान शाबूत आहेत.

५ सप्टेंबर
प्रसादचा फोन. बाबूसोचं त्याला आधीच कळलेलं. "आये, बाबांका आश्रमात ठेवया. म्हापशाकडे एक बरो आसा."
वास्कोत त्याच्या दोन खोल्या, तिसरा मजला, बंदरावर क्रेनची नोकरी. वाईट नाही मुलगा. पण "बरो आसा" असं म्हणाला, जसं काही गाडीसाठी गॅरेज बघितलं.
मी म्हटलं, मी उचलीन. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

८ सप्टेंबर
फिजिओची पोर आली, रेश्मा. तिला विचारलं, मी ह्यांना एकटी उचलू शकेन काय? मला वर-खाली बघून म्हणाली, माणूस हातांनी उचलत नाहीत काकी, पायांनी नि पाठीनं उचलतात, तिथं तुमच्याकडे काही नाही. तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसले, असणार कुठून.
फोनवर दाखवलं. लोखंडाचा गोळा, वर जाड कडी. केटलबेल म्हणतात. दोन पायांमध्ये ठेवायचा, पाठ ताठ, गुडघे वाकवून उचलायचा. आठ किलोपासून सुरू करा, सोळा नीट जमलं की ह्यांना उचलायचं बघू, म्हणाली.
ह्यांना सांगितलं, मी आता पैलवान होणार. डावा ओठ हलला.

१० सप्टेंबर
म्हापसा. दुकानातला विचारतो, मुलासाठी हवंय? माझ्यासाठी म्हटल्यावर गुलाबी डंबेल काढलं, दोन किलोचं. बाजारातून भोपळा आणते मी त्याहून जड.
लोखंडी गोळ्याचा भाव किलोवर. आठचा घ्यायचा, मग बाराचा, मग सोळाचा. ऐकूनच गप्प झाले. निम्म्या किमतीत प्लॅस्टिकचे होते, आत सिमेंट भरलेले. तेवढ्याच वजनाला दुप्पट फुगलेले, पायांमध्ये मावत नाहीत, नडगीवर आपटतात. एकाच्या सांध्याला चीर, बोट लावलं तर राखाडी पूड. लोखंडी चकत्या घालायची दांडीपण दाखवली. खोलीत खाट, कदेल, मशीन, त्यात ती दांडी कुठे लोळवू.
ह्यांचे डायपर घेतले आणि कोरगावची बस पकडली.

११ सप्टेंबर
शेजारच्या कुंपणाचं काम चाललंय. गवंड्याकडून जांभ्याचा तुटका अर्धा चिरा मागून घेतला. "काकी, तुळशीक घालतंस?" म्हणाला. होय म्हटलं, कशाला गावभर सांगा.
सुंभाची दोरी आडवी-उभी बांधून वर कडी केली, कडीला जुनी लुंगी गुंडाळली. बाबूसोनं सायकलवरून नाक्यावरच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवला तर बरोबर सोळा. रेश्मानं सांगितलेलाच आकडा, आणि फुकट. दुकानदारानं काही विचारलं नाही, पण आज संध्याकाळपर्यंत वाड्यावर सगळ्यांना कळेल.
घरी उचलायला गेले, हलला नाही. वरून पाऊस. मागीलदारी तसाच सोडला.

१९ सप्टेंबर
चिरा जमिनीवरून सुटतो. वीतभर. कंबर रात्रभर बोलत होती.

२७ सप्टेंबर
रेश्मा म्हणाली, माणसाला कडी नसते, धरणार कुठे? म्हणून ह्यांच्या कमरेला पट्टा शिवला. जीनचं कापड दुहेरी, आत कॅनव्हास, दोन बाजूंना मुठी, पुढे तीन हूक. पोटावर पहिला, सगळ्यांत सैल हूक जेमतेम बसला. केवढा माणूस. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे तेव्हा ह्यांच्या मापाचा शर्ट तयार मिळत नसे, मीच शिवायची.
बाबूसोबरोबर पट्ट्यानं उचलून बघितलं. वर येताना ह्यांनी विचारलं, "जड?" हा एक शब्द अजून स्वच्छ येतो.
"भरलेलो ट्रक," मी म्हटलं. डावीकडून हसले. बाबूसोपण.

६ ऑक्टोबर
बाबूसो गेला कामावर. आता सकाळी गवंडी कुंपणावरून उडी मारून येतात नि उचलून देतात. हात चुन्याचे, सिमेंटचे. ह्यांना ते आवडत नाही, मान फिरवतात. त्यांचं कुंपण झालं की तेही जातील.

१५ ऑक्टोबर
ऊन पडलंय. चिरा आता कमरेपर्यंत येतो, पुन्हा पुन्हा. पाठ दुखत नाही. आरशासमोर दंड वळवून बघितला. कोणी बघितलं नाही.
प्रसादला फोनवर सांगितलं, सोळा किलो उचलते मी. "सोळा म्हणजे काय नाय आये, बाबा ऐंशी आसत." पण आवाज जरा मवाळ होता.

२४ ऑक्टोबर
चिरा आज सलग दहा वेळा.
उद्या ह्यांना एकटी उचलणार. रेश्माला विचारलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर
पडले. दोघंही.
खाटेवरून उठवलं, अर्ध्यावर आले आणि माझे गुडघे गेले. हे कदेलीच्या दांडीवर आपटून खाली, मी वर. खालून ते माझंच डोकं डाव्या हातानं चाचपत होते, लागलं काय म्हणून.
गवंड्यांना हाक मारली. डॉक्टर म्हणाले हाड मोडलेलं नाही. कुल्ल्यावर हे एवढं काळं-निळं.

२६ ऑक्टोबर
थोरला गवंडी चौकशीला आला. मागीलदारी चिरा बघितला नि सगळं ओळखलं. "काकी, चिरो पाणी पिता. पावसात जड, शिमग्याक हलको. आमी भिंतीक घालच्या आदी भिजवून घेतो, तुमी बघितलां नाय?"
बघितलंय. सगळ्या आयुष्यात दुसरं काय बघितलं. ह्याच चिऱ्याच्या भिंतींत जन्मले, त्याच भिंतींत लग्न होऊन आले, पावसाळ्यात भिंत ओली लागते म्हणून दरवर्षी खाट सरकवते. आणि सोळा किलो म्हणून डोळे मिटून पाणी उचलत बसले.
दुकानात नेऊन पुन्हा वजन केलं. साडेतेरा. दुकानदार काट्याकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.
ताकद आली नव्हती, दगड वाळला होता.

१ नोव्हेंबर
प्रसाद आला. बापाचा कुल्ला बघितला, चिरा उचलून माडाच्या मुळात फेकला. मग माझ्याशी बोलला. "आये, तू पन्नाशी पार केलंस. उद्या तुझी कंबार गेली तर दोघांकय कोण बघतलो?"
खरं ते खरं.
हे आतून काहीतरी म्हणत होते. जाऊन बघितलं तर त्यांना प्रसादचा हात हवा होता. हात धरला आणि डोकं हलवलं, नाही, नाही. प्रसाद बाहेर जाऊन बाल्कांवाच्या ओट्यावर बसला. निघताना म्हणाला, "नव्या वर्षाक रजा घेऊन येतंय. तोवर बाबूसोच्या भावाक पैसे देऊन ठेवलंय, सकाळी येतलो. तू तेवा एकटीन उचलून दाखय. ना जाल्यार आश्रम. मगे माका काय सांगा नको."
कबूल केलं.

४ नोव्हेंबर
आता लोखंडच. रेश्मा म्हणते नवं कशाला, लोखंड शिळं होत नाही. मोरजे किनाऱ्यावरचे परदेशी मायदेशी जाताना सामान विकतात. फक्त बघून घ्या, कडी गुळगुळीत हवी, जोड दिलेली नको, बूड सपाट हवं. आणि आधी काट्यावर ठेवायचा, हे मीच म्हटलं.

७ नोव्हेंबर
मोरजे. एक रशियन बाई, माझ्याच वयाची, घर आवरत होती. रंग उडालेला गोळा, कडी तळहातांनी झिजून चकचकीत. मी शिवणकामाचे पैसे पुढे केले तर निम्मे परत दिले. मी कशाला घेते ते खुणेनं विचारलं. मी खुणेनं एक आडवा माणूस दाखवला. तिनं मला वाकायला लावलं, पाठीवर सपकन थाप मारून सरळ केली, मग गोळा दिला.
रिक्षावाल्याला उचलायला लावून थेट दुकानात. सोळा. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. मागीलदारी पावसात ठेवला तरी गंजेल फार तर.

१६ नोव्हेंबर
दिवाळीचे पोहे केले. ह्यांनी दोन चमचे घेऊन तोंड बंद केलं. आंबट झाले काय विचारलं तर नाही. प्रसादनं फोनवर बापाला ऐकवायला फटाके वाजवले.
लोखंड दोन हातांनी गुडघ्यापर्यंत.

२४ नोव्हेंबर
गुडघ्यापर्यंत. रेश्मा म्हणते येईल. ह्यांचा पट्टा दुसऱ्या हुकावर आला. जीनचं कापड सैल पडतं वापरून.

२ डिसेंबर
लोखंड कमरेपर्यंत, कसंबसं. चिऱ्यासारखं लाडात येत नाही हे. कालच्यासारखंच आज, आजच्यासारखंच उद्या. राग येतो. पण ह्यांना खाटेवर वर सरकवायला मात्र आता त्रास होत नाही. रेश्मा म्हणते पद्धत कळली तुम्हाला.

९ डिसेंबर
सकाळी बाबूसोचा भाऊ आला नाही. वाट बघून बघून मीच पट्टा धरला. पाय रोवले, पाठ ताठ, रशियन बाईची थाप आठवली. आले. खाटेवरून कदेलीवर, एका दमात.
"जड?"
"भरलेलो ट्रक."
मग मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हसले की रडले ते देवाला ठाऊक. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला तेव्हा उठले. उंडे घेतले, एक चहात बुडवून भरवला, अर्धा खाल्ला.
प्रसादला फोन केला नाही. येऊ दे, बघू दे डोळ्यांनी.

१७ डिसेंबर
रोज एकटी उचलते. बाबूसोच्या भावाला येऊ नको सांगितलं. न्हाणीत नेते, ऊन खायला बाल्कांवात नेते. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. शेजारीण म्हणाली, "काकी, तू दादल्यापरस घट झालंस गो." पुरुषापेक्षा दणकट म्हणे, मीठ-मिरची ओवाळायला हवी मला.
ह्यांची पेज उरते. दुपारी झोपतातच फार.

२३ डिसेंबर
रेश्मा आली. म्हटलं बघ. उचलून दाखवलं. ती म्हणाली, आता लोखंड उचला काकी.
उचललं. कमरेपर्यंत, कसंबसं. दोन तारखेला होतं तेवढंच.
"तेवढंच आहे," मी म्हटलं.
"होय," ती म्हणाली, आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जाताना डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणाली. चपला घालताना म्हणाली, माझ्याकडे न बघता.

२४ डिसेंबर
पट्टा धुतला. वाळल्यावर मशीनवर पसरून टेप लावली. शिवला तेव्हाचं माप डोक्यात पक्कं आहे, मापं मी विसरत नाही.
कापड बोटभरसुद्धा ताणलेलं नाही. आणि तिसरा हूकही सैल बसतो.
दगड वाळला तेव्हा मला कोणीतरी सांगायला आलं. ह्यांना तर मी रोज दोन्ही हातांत धरत होते. आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजून पोट भरलं आणि घरातली एक कंबर मोजली नाही. मुद्दाम मोजली नाही की काय, देव जाणे. वर आले म्हणून खूश होते मी.

२६ डिसेंबर
डॉक्टरला फोन करायला घेतला, ठेवला. दाखल करा म्हणणार. एकदा दाखल झाले की तिथून घर की आश्रम हे प्रसाद ठरवणार, आणि मी कशाच्या जोरावर भांडू?
ह्यांना विचारलं, दवाखान्यात जाऊया? डोकं हलवलं, नाही. मग बोट वर करून छताचे वासे दाखवले, जनेलाबाहेरचा माड दाखवला, मला दाखवलं. पुन्हा नाही.
पेजेत तूप घालून बसवलं. चार घास. पाचवा बाहेर.

२९ डिसेंबर
प्रसाद परवा येतो. काल पट्टा उसवून हूक आत घेतले. बाहेरून टाका दिसत नाही, सफाई आहे हाताला. आता पहिला हूक घट्ट बसतो, जेमतेम, सप्टेंबरसारखा. वरून जाड स्वेटर घालेन, डिसेंबर आहे, कोणाला काय वाटणार.
मी त्याच्यासमोर उचलीन, कण्हत कण्हत उचलीन, आणि तो आपला शब्द पाळेल. मुलगा शब्दाचा पक्का आहे. पण बघून आनंद झाला आणि म्हणाला, आये, सर, आता मी उचलतंय, तर? रोज वजनं उचलणारा माणूस तो. हात लावला की त्याला कळेल.
मी सांगावं की हातांना कळू द्यावं, ते ठरत नाही.
सकाळी बाल्कांवात नेताना वाटेत विचारलंच ह्यांनी, "जड?"
"भरलेलो ट्रक," मी म्हटलं. ह्या वेळी हसले नाहीत. डाव्या हातानं माझा दंड धरला आणि कदेलीवर बसेपर्यंत सोडला नाही.