मोन्शाकचा खुराक

३ डिसेंबर, रविवार
माझी पोर कार्लगाश कोरियात, इंचॉनला गेली नोकरीवर. जाताना सरडा माझ्या गळ्यात मारला. अडीच महिन्यांचा, बोटाएवढा, नाव मोन्शाक. मणी! जनावराला कोणी मणी म्हणतं का? सोबत एक खास दिवा, त्याला खायला रातकिड्यांचा डबा आणि पावडरच्या दोन डब्या. पांढऱ्या झाकणाची म्हणजे नुसतं कॅल्शियम, रोज किड्यांना चोळायचं. लाल झाकणाची म्हणजे व्हिटॅमिन आणि डी-थ्री, महिन्यातून दोनदाच. दिवा रोज बारा तास. सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलंय. मला! एकतीस वर्षं सरकारी फार्मवर पशुपालन अधिकारी होतो. चाळीस हजार मेंढ्या. चिठ्ठी एकदा वाचली, पुन्हा वाचणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
पण पोर एप्रिलनंतर पहिल्यांदा माझ्याशी दहा मिनिटं सलग बोलली. सरड्याबद्दलच, तरी बोलली. दर रविवारी व्हिडिओ कॉल करीन म्हणाली, मोन्शाकला बघायला.

६ डिसेंबर
संकल्प: उन्हाळ्यापर्यंत मोन्शाक असा तयार करायचा की पोरीने तोंडात बोट घातलं पाहिजे.
पांढरी डबी उघडून हुंगली. वासच नाही. ज्याला वास नाही त्यात सत्त्व कसलं? कपाटात माझ्या बायकोने, बिकेनने, जाण्याआधी केलेल्या कुर्तची पिशवी आहे. शेवटची. तिने दही टांगून, मीठ घालून, बाल्कनीत वाळवलेले गोळे. दगडासारखे टणक. आमच्या सात पिढ्यांची हाडं यावर पोसली. तिच्याच खलबत्त्यात एक गोळा कुटला आणि किड्यांना चोळला. मोन्शाकने सटासट जीभ फेकून चार खाल्ले. दोन्ही डब्या कपाटात, मागे.

१० डिसेंबर, रविवार
कॉल आला. अकरा मिनिटं. तिने विचारलं, पावडर देता ना? मी म्हटलं, रोज. कुठली ते तिने विचारलं नाही. म्हणजे मी खोटं बोललो नाही.

१९ डिसेंबर
दिवा डोळ्यांत जातो, टीव्हीवर चमकतो. बंद केला. पिंजरा खिडकीत ठेवला. बाहेर उणे सव्वीस, पण काचेतून आत छान ऊन येतं. ऊन ते ऊन, त्यात खास काय?

८ जानेवारी
मोन्शाकचे मागचे पाय बाहेरच्या बाजूला कमानदार होत चाललेत. घोडेस्वाराचे पाय! माझ्या आजोबांचे अस्सेच होते, मधून कोंबडी आरामात जायची. कझाख घरात राहून सरडाही कझाख झाला. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. रविवारी पोरीला सांगणार.

१४ जानेवारी, रविवार
सांगितलं नाही. पिंजरा जरा लांबून दाखवला. उजेड कमी होता म्हणून.

२३ जानेवारी
जीभ अर्ध्यावरच पडते. आळस, दुसरं काय. लाड फार झाले. फांदीवर उभा न राहता पोट टेकून बसतो. हाताने भरवलं. खाताना एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता, दुसरा खिडकीकडे.
कुर्तचे सात गोळे उरले.

३० जानेवारी
समोरच्या रिम्मा पावलोव्हना पिरोगी, म्हणजे सारण भरलेले पाव, घेऊन आल्या. जन्मभर बालवाडीत नर्स होत्या, सवय जात नाही. चष्मा लावून पिंजऱ्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "ओरिनबाय, हा मुडदूस आहे."
मी घोडेस्वारांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. काय खायला घालतोस विचारलं. कुर्तची पूड चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, यात मीठ किती आहे, इवल्याशा जिवाला हे? आणि काचेतून ऊब येते, पण उन्हात हाडं घडवणारं जे असतं ते काचेबाहेरच राहतं. म्हणून तर पोरीने दिवा दिला होता. मी म्हटलं, चहा घ्या. घेतला. दारात थांबून म्हणाल्या, "बिकेनच्या वेळीही मी तुला सांगितलं होतं."
त्या गेल्यावर दार जरा जोरात लागलं. वाऱ्याने असेल.

३१ जानेवारी
नवा संकल्प. दिवा दिवसभर चालू. पांढरी डबी रोज. लाल डबीसुद्धा रोज. महिन्यातून दोनदा हे धडधाकट सरड्यांसाठी, आम्हाला मागचं भरून काढायचंय. वर माशाच्या तेलाचा एक थेंब. बालवाडीत आम्हाला नाक दाबून चमचा-चमचा पाजायचे, मी मेलो नाही. कुर्त बंद. दहा दिवसांत फरक दिसेल.

४ फेब्रुवारी, रविवार
पोरीला म्हटलं, झोपलाय. भर दुपारी? म्हटलं, हिवाळा आहे.
हा सरडा आहे तोवर माझा रविवार आहे. हे मला कळतं. इतकाही मूर्ख नाही मी.

७ फेब्रुवारी
डोळे सुजले, उघडेनात. कोटाच्या आत, छातीशी धरून जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर कार्लगाशच्या वयाची. तिने जबडा हलकेच दाबला, रबरासारखा आत गेला. म्हणाली, आधी दोन महिने काहीच मिळालं नाही, मग एकदम नको तितकं मिळालं, एवढ्याशा शरीराला झेपलं नाही. थेंब दिले, पण आशा दिली नाही. मग विचारलं, "इतके दिवस थांबलात का?"
मी तिला चाळीस हजार मेंढ्यांचं सांगितलं.
एप्रिलमध्ये बिकेनच्या डॉक्टरनेही हेच विचारलं होतं. तिला खोकला होता. मी म्हटलं सर्दी आहे, आणि तीन आठवडे मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधातून पाजत राहिलो. तीही बिचारी पीत राहिली. त्या डॉक्टरलाही मी मेंढ्यांचंच सांगितलं होतं. कार्लगाश बाजूला उभी होती.

९ फेब्रुवारी
मोन्शाक गेला. सकाळी, माझ्या तळहातावर.
जमीन गोठलेली, कुदळ लागेना. घरातल्या फायकसच्या कुंडीत पुरला.
मीच मारला. लिहून टाकलं. या वहीत कोण बघतंय?

११ फेब्रुवारी, रविवार
पोरीला सांगितलं, मोन्शाक आता मोठा झालाय, पिंजऱ्यात नाही, फायकसमध्ये असतो. हे खोटं नाही. फोन झाडासमोर धरला. म्हटलं, पानांत हिरवा होऊन बसतो, मलाही पटकन सापडत नाही.
ती बराच वेळ बघत राहिली.

१८ फेब्रुवारी, रविवार
तेच. किडे वाया जातात, स्वयंपाकघरात ओरडत असतात.

२५ फेब्रुवारी, रविवार
तेच. रिम्मा पावलोव्हना जिन्यात भेटल्या, कशा आहात विचारलं तर माझ्याकडे न बघताच वर गेल्या. काहीतरी केलंय बाईने.

३ मार्च, रविवार
संकल्प: आज सांगायचंच. वाक्य आरशासमोर चारदा म्हटलं.
कॉल आला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, फायकस दाखवा. धरला. ती म्हणाली, "दिसला, पप्पा. वरच्या फांदीवर बसलाय. छान हिरवागार दिसतोय."
मी मान वळवून वर पाहिलं. नुसती पानं.
वाक्य राहूनच गेलं. मी रडायला लागलो, सत्तराव्या वर्षी, फोन हातात धरून. तिने फोन ठेवला नाही. तीही रडत होती. मग नाक पुसून म्हणाली, रिम्माआजी सांगत होत्या तुम्ही धड जेवत नाही. बीपीच्या गोळीचं विचारलं. शेवटी विचारलं, आईचा कुर्त उरलाय का? म्हटलं, आहे थोडा. म्हणाली, "ठेवा. मी आल्यावर दोघं खाऊ."
चाळीस मिनिटं बोललो. सरड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.
पिशवी उघडून पाहिली. सहा गोळे. संकल्प: कुटायचे नाहीत.