भोरड्यांची राखण

माय, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुला वाचताही येत नव्हतं. तरी लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगता येत नाही. मी केजच्या शाळेत शिकवते, एवढं तू बघून गेलीस. आता पाऊस ओसरला की दर रविवारी सकाळी आठ-दहा जणांना घेऊन मी पाखरं बघायला जाते. हाकलायला नाही, नुसती बघायला. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब असतात, शाळेतले दोघं-तिघं, कॉलेजच्या पोरी. या दिवसांत परमुलखातून पाखरं उतरतात, त्यात भोरड्या आधी येतात. आमच्या गटात त्यांना पळसमैना म्हणतात.

तुझ्या तोंडी भोरडी हे नाव शिवीसारखं यायचं. नांदूरघाटच्या रानात बाजरी दाण्यात आली की तू दिवस उगवायच्या आत मचाणावर चढायचीस, गोफण फिरवायचीस आणि ओरडायचीस. दसऱ्यापर्यंत तुझा आवाज पार बसलेला असायचा. मग घरात आम्हाला बोलवायचं तर तू ताटावर उलथनं वाजवायचीस. मी चौथीत असताना एकदा शाळा बुडवून मला राखणीला बसवलंस. थवा आला, वळला, अख्खाच्या अख्खा पुन्हा वळला, आणि मी हाकलायचं विसरून बघतच राहिले. तू वर चढून आलीस, माझ्या हातातली गोफण काढून घेतलीस. "तुला ती नाचताना दिसत्यात," म्हणालीस, "मला खाताना दिसत्यात." मारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालीस, "तू शाळंत जा. हितं तुजा उपेग न्हाई." त्यानंतर दरवर्षी तू एकटीच बसलीस आणि मी शिकत गेले.

या महिन्यात एका रविवारी आम्ही युसूफ वडगावच्या बाजूला गेलो होतो. ओढ्याच्या काठानं चालताना अर्धा एकर बाजरीचं रान लागलं. त्यावर नायलॉनची जाळी पसरलेली, आणि जाळीत पाच भोरड्या. तीन मेलेल्या, दोन फडफडत होत्या. पोरींनी आधी फोटो काढले, मग त्यातली एक रडायला लागली. रानातली बाई आमचा गलका ऐकून आली. तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस त्या वयाची. साहेब तिला म्हणाले, "हे पाप आहे, बाई." ती विळा घेऊन आली आणि माझ्यासोबत जाळी कापू लागली. एक पाखरू उडालं. दुसऱ्याच्या पंखात दोरा हाडापर्यंत रुतला होता. ते माझ्या हातात गरम होतं, आणि मग हळूहळू नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरं पुण्याला हायती. राखणीला माणूस कुठून आणू? तुमीच सांगा, बाई, काय करू?" सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "मावशी, पाखरांचाही विचार करायला हवा." वर्गात फळ्यासमोर बोलते त्या आवाजात म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि आमच्या देखत तिनं सगळी जाळी गोळा केली. आम्ही नऊ जण होतो, माय. ती एकटी होती.

पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता एकटीच तिकडं गेले. बाजरीची ताटं उभी होती, पण कणसांवर दाणा नव्हता. शेजारच्या बाभळीवर थवा बसला होता, ऊन अंगावर घेत, आणि मला तो अजूनही सुंदर दिसला. ती वैरणीसाठी ताटं कापत होती. रागावली नव्हती, त्याचंच जास्त लागलं. मी जाळी आणून देऊ का म्हणाले, तर ती म्हणाली, "आता काय राखायचंय?" बांधावर बसवून तिनं मला चहा पाजला. पाखरं सोडावीत की बाजरी राखावी, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. साहेबांचा फोन येतो, पुढच्या रविवारी कुठं जायचं म्हणून. मी बघू म्हणते.

निघताना तिनं विचारलं, "तुमी कवा राखण केलती का, बाई?"

मी नाही म्हणाले.