लाल लाइट विझेपर्यंत

ता. १६ ऑक्टो. ८६, गुरु.
लोधीखेड्याहून सेठले आणताना मोटारच्या मीटरमधली लाल लाइट लागली, ते विझलीच नाई. चाबी फिरवली का लागते अन् इंजन सुरू झालं का विझते, हा तिचा रोजचा धरम. आज हळू चालवलं तर मंद. रेस दिली का अजून लाल. जितकी पळवावी तितकी लाल. मागून सेठ म्हणे, "देवा, ते काय चमकून राहिलं बे?" म्हटलं, काही नाई सेठजी, चार्जिंगची लाइट हाय. सौसरले चहाले थांबलो. परत चाबी फिरवली तर स्टार्टर फक्त कुंथला. संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्या हमालांनी धक्का मारला.
आत्ता दसऱ्याले तर गाडी धुतली, इंजनच्या खोलीले सेठच्या फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट मारला. नारळ फोडताना सेठची माय म्हणे, देवानं गाडीची नवरी केली.
नवरी रुसली.

१७, शुक्र.
माधवची चिठ्ठी आली. आम्ही दोघं एकाच ट्रकवर क्लीनर होतो, तो आता नागपुरात. लिहिते का एका मालकाले कलकत्ता लाइनसाठी ड्रायव्हर पाह्यजे. सोमवारी २७ ले लायसन घेऊन ये, नाईतर तो दुसरा धरते.
लायसन माह्याजवळ असतं तर आजच निघालो असतो. नोकरी लागल्या दिवशी सेठनं मागून घेतलं अन् देवघरातल्या कपाटात ठेवलं. "तू हरवशीन." रस्त्यात कोणी अडवलं तर सेठचं नाव सांगाचं. दोन वर्षं झाली. मेहकरहून निघालो तवा वाटे का मुलूख पाहीन. पाह्यलं काय तर पांढुर्णा ते सौसर, सौसर ते मोहगाव, मोहगाव ते पांढुर्णा. तेलघाण्याच्या बैलासारखं.
संध्याकाळी हिंमत करून मागितलं. सेठ पान लावून राहिले होते. म्हणे, "जाय ना. कोण धरून ठेवलं? पण आजारी जनावर दुसऱ्याच्या दारात टाकून कोणी जाते काय? लाइट विझव अन् लायसन घेऊन जा."

१८, शनि.
वानखेडे काकाच्या दुकानात गाडी. पांढुर्ण्यात वायरिंगचा माणूस म्हटलं का काकाच. चष्म्याची एक दांडी दोऱ्याची. सेठ स्वतः येऊन खुर्ची टाकून बसले.
काकानं आधी पट्टा दाबून पाह्यला. टाइट. डायनामोचे कार्बन पाह्यले. चांगले. मंग डायनामोच्या दोन्ही वायरी काढल्या, तिथं टेस्टबल्ब लावला अन् मले रेस द्याले सांगतलं. बल्ब असा पेटला का डोळे दिपले. "डायनामो घोडा हाय घोडा. करंट तयार होते, पण बॅटरीपर्यंत जात नाई. वाटंत कटाउट हाय, तो दार उघडून नाई राहिला."
मंग माह्याकडं पाहून विचारलं, "देवा, याले कोणी हात लावला होता का?"
सेठ समोर बसले होते. त्यांचा कायदा हाय का वायरिंगले ड्रायव्हरनं बोट लावाचं नाई. मी म्हटलं, "नाई काका. फक्त फडक्यानं पुसलं."
काकानं मान हलवली अन् नवीन कटाउट टाकला. लाइट तशीच लाल.

२०, सोम.
सेठ चहाच्या टपरीवर चार माणसात बोलले, वानखेडेनं डुप्लिकेट माल टाकला, म्हातारपणी नियत फिरली. मी तिथंच होतो. 
दुपारी सेठचा ट्रॅक्टर काकाच्या दुकानातून आणाले मलेच पाठवलं.  काकानं चाकाखालची वीट काढून देली. म्हणे, "सावकाश जा."

२१, मंगळ.
सेठच्या मायले घेऊन जामसावळीले. बॅटरी रात्रभर चार्जिंगवर होती म्हणून पोचलो. गर्दी. म्हातारी म्हणे, बापू, मारुतीले सांग गाडीचं. मी लायसनचं सांगतलं.
येताना परत धक्का.

२२, बुध.
आता उतार पाहून गाडी लावतो. कुठं उतार हाय ते सारं पाठ झालं. सौसरले दवाखान्याजवळ चांगला. मोहगावले वेशीकडं. सेठले जिथं काम हाय तिथं नेमकं सपाट. "इतक्या दूर काऊन लावली बे?" रोज तेच. स्वतः पाय ओढत चालते अन् मले शिव्या देते.
आज माधवले लिहाले कार्ड आणलं. काय लिहू?

२३, गुरु.

दुपारी सेठ झोपले होते. बोनेट उघडून इंजन सुरू ठेवलं अन् कटाउटचे स्क्रू कसत होतो. पान्हा घसरला. एक टोक कटाउटच्या काळ्या वायरीच्या स्क्रूले, दुसरं इंजनच्या लोखंडाले. ठिणगी उडाली, कटाउटमधून टक् आवाज आला. वाकून पाह्यलं तर मीटरमधली लाइट विझलेली. पान्हा काढला, लागली. लावला, विझली. तीनदा करून पाह्यलं.
म्हंजे काळ्या वायरीले अर्थिंग भेटत नव्हतं. तिचं दुसरं टोक बॉडीले असते. तो स्क्रू कुठं हाय? हिरव्या रंगाखाली.
तवा सारं आठवलं. दसऱ्याच्या वक्ती काका धम्मचक्राले नागपूरले गेलते, दुकान बंद. नाईतर माही हिंमतच नसती झाली. रंग चांगला बसावा म्हणून मीच कटाउट खोलला, काळी वायर सोडली. रंगाचे दोन हात मारले. परत लावताना रंग खरचटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या दोन गोल चकत्या, वायसर, कापले अन् वायरीच्या कडीले एक खालून, एक वरून लावलं. स्क्रूच्या डोक्यावर परत बुरूश फिरवला. कोणाले काय दिसन?
लोखंड अन् वायर यांच्या मधात मी रबर घातलं होतं. अन् काकाले म्हटलं, नाई.
वायसर काढले. चाकूनं रंग खरडला, पांढरं लोखंड निघालं. वायर कसली. लाइट गेली. रेस दिली, तरी गेली.

२४, शुक्र.
सकाळी सेठले मोहगावले नेलं. जाताना येताना लाइट नाई. मधी तीनदा बंद केली, तीनदा अर्ध्या चाबीत सुरू.
सेठ खूश. "काय केलं बे?"
म्हटलं, वायर ढिली होती.
पाठीवर थाप मारली. टपरीवर गाडी थांबवून सगळ्याले सांगतलं, "वानखेडेले आठ दिवसांत नाई जमलं, माह्या देवानं एका दुपारी केलं!" कोणी म्हणे, मंग आता ट्रॅक्टरचं वायरिंगही यालेच द्या.
मी म्हटलं, सेठजी, लायसन. सोमवारी नागपूरले...
सेठ हसले. "अबे, अशा माणसाले कोण सोडते? आता तर मुळीच नाई."

२५, शनि.
काकाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. दोन्ही वायसर टेबलावर ठेवले अन् सारं सांगतलं. काकानं एक वायसर उचललं, चष्मा वर करून पाह्यलं.
"सायकलची ट्यूब?"
"हो."
वायसर टेबलावर ठेवलं. मंग म्हणे, "स्क्रू खोलाले हात नेला होता मी त्या दिवशी. पण तू नाई म्हटलं. जो रोज गाडी चालवते त्याचं आधी ऐकाचं, उस्तादानं हेच शिकवलं. नाईतर पाच मिनिटाचं काम होतं."
म्हटलं, काका, सेठले सांगतो मी.
"सांगशीन तर तो लायसन फाडून फेकन."
"अन् नाई सांगतलं तर?"
"तर त्याचं वायरिंग करत बस." वायसर माह्याकडं सरकवले. "तुह्यं तू पाह्य. पण तो स्क्रू परत एकदा कसून घे. नवीन खरडलेलं ढिलं पडते."
येताना स्क्रू कसला.

२६, रवि., सकाळ
नागपूरची गाडी उद्या सकाळी. पिशवी भरली. दोन कमीज, पॅन्ट, ही वही. माधवचं कार्ड अजून कोरंच.
सेठच्या ओट्यावर बसून लिहून राहिलो. आत पूजा चालू हाय. सांगतलं तर नोकरीवरून काढन, पण लायसनासंग का लायसनाबिगर, ते सेठच जाणे. नाई सांगतलं तर उद्या ट्रॅक्टर. काकाच्या दुकानासमोरून घेऊन जा लागन.
वायसर खिशात. एकाले हिरवा रंग चिकटलेला हाय, नखानं निघत नाई.
घंटी वाजली. देवघरातल्या कपाटाची चाबी सेठच्या करदोड्याले असते, तिचा आवाज आला. कपाट उघडलं. उदबत्तीसाठी असन.
आतून सेठ म्हणे, "ओट्यावर कोण हाय?"
म्हटलं, मी हाव सेठजी. एक सांगाचं हाय.
म्हणे, थांब, कपाट लावून येतो.
म्हटलं, नोका लावू.