पेटीतली चप्पल

कोराडी, ४ मे

श्री. रजत यांस,

नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल. अक्षर वाकडं आहे, लावून वाचा. आमच्याकडे भांडे घासणाऱ्या जयाचा भाऊ तुमच्याच कंपनीत आहे म्हणून त्याच्या हातून पाठवून राहिली.

तुम्हाले पत्र लिहायचं तसं कारण नव्हतं. माझ्या वंदनानं तुमच्याशी लग्न केलं तेव्हापासून आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, अन् तसंच चाललं असतं. पण तक्रार आहे.

तुमची रितिका बालवाडीत होती तेव्हा तुम्ही जयाच्या हातून मले चप्पल पाठवली. तुमच्या कंपनीतल्या सोलची. "पीयूचा सोल आहे, फोमसारखा मऊ, आईच्या टाचा दुखणार नाहीत," असा निरोप होता. रितिका आता आठवीत गेली. ती चप्पल मी एकदाही रस्त्यावर घातली नव्हती. प्लास्टिकात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या टाकून, लग्नातल्या शालूखाली पेटीत ठेवली. दुपारी घरात कोणी नसलं की पलंगावर बसून पायात घालायची अन् पुन्हा ठेवून द्यायची. मुकुंदले दिसली असती तर कोणी दिली म्हणून विचारलं असतं. माझ्या पोराच्या घरात बहिणीचं नाव चालत नाही, तुमचं तर दूरच.

तर मागच्या सोमवारी ती चप्पल फुटली. फुटली कायची, भुगा झाली. पहिल्यांदाच घालून निघाली, नागपुरात सदरले बसमधून उतरली, जरा चालली, तर सोल शिळ्या भाकरीसारखा चुरून राहिला. मागून एक पोट्टी म्हणे, "आजी, तुमच्या पायातून काही सांडून राहिलं." खाली तापलेलं डांबर. एका दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदारानं मुकुंदले फोन लावला. मले दुसऱ्या कोणाचा नंबर पाठ नाही.

मुकुंद आला. म्हणे, "आई, कुठं चालली होती?"

"चप्पल घ्यायले."

"घरी तीन जोड पडल्या आहेत."

"त्या टोचतात."

त्यानं माझ्या पायात उरलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग रिक्षात बसवून घरी आणलं.

कुठं चालली होती ते तुम्हीही विचारू नका. रामदासपेठेत थोडं काम होतं.

तुमच्या कंपनीनं असा माल काढावा का, एवढंच विचारायचं होतं. वंदनाले हे पत्र दाखवू नका. गर्भाची पिशवी काढल्यावर टाके ओले असतात. ती हसली तर ताणतील.

मुकुंदची आई,
रुखमाबाई


कोराडी, १७ मे

रजतराव,

तुमची चिठ्ठी जयानं पदरात लपवून आणली. तुम्ही लिहिता, माल खराब नव्हता, ठेवणं चुकलं. दोन पिंपांतली दोन औषधं एकत्र साच्यात सोडली की इडलीसारखी फुगतात, आत हवा राहते, म्हणून सोल हलका. अन् बंद करून ठेवला की ओलावा त्याले आतून खाते. रोज घातली असती तर जास्त टिकली असती म्हणता. बरं. पण मग चप्पल पाठवतानाच सांगायचं न जी! नवीन वस्तू जपून ठेवायची नसते, हे माझ्या वयाच्या बाईले कोण सांगणार?

जयाचा भाऊ सांगे, त्या औषधाच्या वाफेनं दमा होते, अन् तुम्ही मास्क हनुवटीवर ठेवून काम करता. हनुवटीले दमा होते का? वर घ्या.

दुसरी जोड पाठवू का विचारलं. नको. घालून जाऊ कुठं? त्या दिवसापासून मुकुंद ड्युटीवर जाताना चॅनल गेटले बाहेरून कुलूप लावते. म्हणे, "आई, तुले चक्कर येते, तुझ्याच भल्यासाठी करून राहिलो." मले जन्मात चक्कर आली नाही. सून ऑफिसातून येते संध्याकाळी. तोवर मी, पंखा, अन् खिडकीत पॉवर हाउसची राख. सकाळी पुसा, दुपारी पुन्हा बोटानं नाव लिहिण्याएवढी जमते. भाजीवाला आला की गजातून हात काढून कोथिंबीर घेते, महाराजबागेच्या पिंजऱ्यातल्या माकडिणीसारखी. पोरगा दुष्ट नाही. संध्याकाळी आंबे घेऊन येते. आधी कुलूप काढते, मग आंबे कापून देते. मी खाते. गोड असतात, ते काही खोटं नाही.

आता लिहूनच टाकते. जयानं वंदनाच्या ऑपरेशनचं सांगितलं, अन् मी रामदासपेठेच्या त्या दवाखान्यातच चालली होती. पोरीचं पोट कापलं, अन् मी इथं बसून राख पुसू? पोहोचली असती तर तिच्या गळ्यात पडली असती असं काही समजू नका. बहुतेक ओरडलीच असती, की एवढं दुखणं अंगावर काहून काढलं.

ती आतापासूनच ओट्यापाशी उभी राहून स्वैपाक करत असेल. तिले बसवायचं आहे. मले तुमच्या घरी येऊन राहायचं आहे. किती दिवस, ते विचारू नका.

जया म्हणे, "आजी, माझा भाऊ दुपारी येऊन कुलूप तोडते, चुपचाप निघून जा."

मी म्हटलं, "पळून जायले मी काय पोट्टी आहे वं? आमच्या घरातून एक गेली तेवढी पुरे."

म्हणून दुपारी येऊ नका. येत्या रविवारी सकाळी या, मुकुंद घरी असताना. मागून नाही, समोरून, कॉलनीतली माणसं बाहेर गाड्या धूत असतात तेव्हा. बेल वाजवा. तो विचारेल, कोण तुम्ही. नाव सांगा. तो दार लावून घेईल, घेऊ द्या. भांडू नका, अन् परतही जाऊ नका. गेटसमोर उभे राहा. बोलायचं ते आतून मी बोलीन, सगळ्यांले ऐकू जाईल असं.

बाजूची बाई लगेच विचारेल, हा कोण माणूस उभा आहे म्हणून. तिले काय सांगायचं ते माझं ठरलं आहे.

तुमची सासू,
रुखमाबाई