मघाचं इंजेक्शन

आई, "तोंडानं बोलत जा, म्हंजी हाताला ऐकू यील," असं तू म्हणाली होतीस. अंबाजोगाईच्या वसतिगृहात तू स्वयंपाकाला होतीस आणि मी वरणात दुसऱ्यांदा मीठ घातलं होतं. तेव्हापासून मी मोठ्यानं सांगत कामं करते: मीठ घातलं, गॅस बंद केला, कडी लावली. तिथल्या बायका हसायच्या, "आली बगा मुकादमीण!" तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी डॉक्टरांनी याला नाव दिलं, एडीएचडी. गोळ्या दिल्या. लक्ष जरा ठरायला लागलं.

मग लॉकडाऊन लागलं. गोळ्या बीडमध्ये मिळेनात, एसटी बंद. मी पुन्हा तुझ्या युक्तीवर आले आणि ती पुरलीही, तुझ्या जावयांना कोरोना होईपर्यंत. दवाखान्यात खाट नव्हती. साखर भडकलेली, इन्सुलिन घरी मीच टोचायची. त्यात मलाही ताप आला आणि माझा आवाजच बसला.

त्या दुपारी मी सिरिंज भरून यांच्या पोटाशी धरली आहे. हे डोळे उघडतात. "मघा टोचलंस ना गं?" मला आठवत नाही. मघा फोन वाजला होता, कुकरची शिट्टी झाली होती, रस्त्यावरून पोलिसांची गाडी ओरडत गेली होती. "तुम्हीच सांगा," मी कशीबशी कुजबुजते. "मी गुंगीत होतो. तुला ठावं न्हाई?" एवढं बोलून हे माझ्या हाताकडे बघत राहतात. मी सुई मागे घेते.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आता काही देऊ नका, साखर तपासत राहा. आकडा उतरत गेला. यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. पोटात अन्न नव्हतंच. मी चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजत राहिले. म्हणजे टोचलं होतं. दुसरं गेलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हा दोघांनाही कळलं.

हे बरे झाले. पण अजून इन्सुलिन स्वतःच टोचून घेतात, दार लोटून. "तुला कशाला तरास," म्हणतात. मायेनंच म्हणतात, म्हणून जास्त लागतं. आता गोळ्या वेळेवर मिळतात. मी नीट आहे, असं सांगायला जाते आणि गप्प बसते, कारण माझीच मला पुरती खात्री नाही.

तरी तू यांच्या स्वप्नात ये. म्हण, एकदा तरी लेकीच्या हातात सुई द्या. तू येणार नाहीस, ठाऊक आहे. पदर सावरून म्हणशील, "जावयाला सांगणारी मी कोण?"